मंदी, मागणी आणि पाचशे रुपयांचे इंटरनेट

मंदी आली की व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक तुटते, असा सर्वसाधारण अनुभव असला तरी कमी दरात इंटरनेट पुरवणाऱ्या लहान व्यावसायिकाची मंदीतली अडचण या अनुभवात नीट बसत नाही. 2020 च्या एप्रिल ते जून या तिमाहीत भारताचे सकल देशांतर्गत उत्पादन पहिल्या सरकारी अंदाजानुसार आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा 23.9 टक्क्यांनी घटले; कोरोनाच्या साथीमुळे लागलेल्या टाळेबंदीत कारखाने, हॉटेले, बांधकामे आणि वाहतूक जवळजवळ थांबली, आणि नेमक्या त्याच तीन महिन्यांत घरोघरच्या इंटरनेट जोडण्यांवरचा भार वाढला. गिऱ्हाईक जागेवर होते आणि त्याची गरज पूर्वीपेक्षा मोठी होती. मात्र अनेक घरांत येणारा पैसा आटला होता, आणि ज्यांच्याकडे तो होता त्यांच्या दारात जाऊन वसूल करण्याची वाट बंद झाली होती. उत्पन्न घटत असताना खर्च वाढत जावा आणि त्याच वेळी सेवेचा दर्जाही उंचावण्याचा आग्रह व्हावा, असा तिहेरी पेच फार थोड्या व्यवसायांच्या वाट्याला आला. त्याचा उलगडा करायचा तर स्वस्त इंटरनेट मुळात स्वस्त कशामुळे असते, हे आधी पाहावे लागते.

महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत ही सेवा बहुतांशी ज्याच्या हाती आहे, तो पूर्वाश्रमीचा केबलवाला आहे. 1990 च्या दशकात गच्चीवर डिश बसवून गल्लीभर दूरचित्रवाणीच्या वाहिन्या पोचवणाऱ्या या माणसाकडे खांबाखांबावरून गेलेली तार, घराघराशी ओळख आणि दर महिन्याला हाती पैसे घेण्याची पद्धत, अशा तीन गोष्टी आधीपासून होत्या. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने सुरू केले आणि 1998 च्या नोव्हेंबरमध्ये हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. त्यानंतरच्या वीस वर्षांत केबलवाल्याने हळूहळू तांब्याच्या तारेजागी काचेचा तंतू, म्हणजे फायबर, ओढायला सुरुवात केली. 1 फेब्रुवारी 2019 पासून दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या दरांची नवी नियमावली लागू झाली, पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी कमाल 130 रुपये अशी मर्यादा आली आणि केबलच्या धंद्यातला नफा आणखी बारीक झाला, तेव्हा उरलेल्यांनाही इंटरनेटकडे वळण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

हा व्यवसाय परवान्याचा आहे. दूरसंचार खात्याच्या त्या वेळच्या एकीकृत परवाना व्यवस्थेत इंटरनेट सेवेच्या तीन श्रेणी होत्या: देशभर सेवा देण्याची मुभा असलेली ‘अ’, एका दूरसंचार परिमंडळापुरती ‘ब’ आणि साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्रापुरती ‘क’. यांचे प्रवेशशुल्क अनुक्रमे 30 लाख, 2 लाख आणि 20 हजार रुपये होते. (दूरसंचाराच्या नकाशात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परिमंडळ आहे आणि मुंबई त्यातून वगळलेली आहे, ही बाब अनेकांना ठाऊक नसते.) प्रत्यक्षात गल्लीतल्या बहुतेक चालकांकडे स्वतःचा परवाना नसतो, ते एखाद्या परवानाधारक कंपनीचे भागीदार म्हणून काम करतात, कंपनीची बँडविड्थ आणि बिलिंगची प्रणाली वापरतात आणि येणाऱ्या रकमेत ठरलेला वाटा घेतात. म्हणून ‘लहान पुरवठादार’ या नावाखाली दोन वेगळे व्यावसायिक येतात, आणि मंदीत त्यांच्यातला हा वाटाच वादाचे मूळ ठरतो.

स्वस्त जोडणीचे रहस्य वाटणीत आहे. एखाद्या गावात एका पुरवठादाराची एक हजार घरे आहेत आणि प्रत्येकाने 50 एमबीपीएस वेगाची योजना घेतली आहे असे धरले, तर कागदावर विकलेला वेग 50 हजार एमबीपीएस, म्हणजे 50 जीबीपीएस होतो. पण पुरवठादार वरच्या मोठ्या कंपनीकडून तेवढी बँडविड्थ कधीच विकत घेत नाही. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेगाने काही उतरवून घेत नसतात. रात्री नऊ ते अकराच्या ऐन गर्दीतही हजार घरांचा सरासरी वापर प्रत्येकी दोन एमबीपीएसच्या आसपास राहतो असे मानले, तर 2 जीबीपीएस पुरते. मुंबईची लोकल जितक्या जागा आहेत त्याच्या कितीतरी पट मासिक पास विकते, कारण सगळे पासधारक एकाच गाडीला येत नाहीत; हे गणितही त्याच जातीचे आहे. या उदाहरणात विकलेला आणि विकत घेतलेला वेग यांचे प्रमाण पंचविसास एक पडते. ग्राहकाला 500 रुपयांत 50 एमबीपीएस मिळते ते या प्रमाणाच्या बळावर, आणि त्यात फसवणूक नाही; पूर्ण वेग फक्त एकट्यासाठी राखून हवा असेल तर कार्यालये घेतात तशी ‘लीज्ड लाइन’ घ्यावी लागते आणि तिचे भाडे घरगुती जोडणीच्या कैक पटींनी असते.

या वाटणीला भूगोलाचीही एक बाजू आहे. समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबली मुंबईत किनाऱ्याला लागतात, मोठी डेटा केंद्रे मुंबई-नवी मुंबईच्या पट्ट्यात आहेत आणि इंटरनेट कंपन्या जिथे एकमेकींशी थेट जोडून घेतात ती विनिमय केंद्रेही तिथेच आहेत. त्यामुळे घाऊक बँडविड्थ मुंबईत सर्वांत स्वस्त पडते. धुळे, नांदेड किंवा सावंतवाडीच्या पुरवठादाराला तीच बँडविड्थ शेकडो किलोमीटर आणण्याचे वेगळे भाडे मोजावे लागते. याला धंद्याच्या भाषेत ‘बॅकहॉल’ म्हणतात, आणि लहान गावातले स्वस्त इंटरनेट शहराइतके स्वस्त नसण्याचे, किंवा तेवढ्याच दरात थोडे मंद असण्याचे, मुख्य कारण हेच आहे. यावर एक उतारा आहे. गूगल, फेसबुक, नेटफ्लिक्स अशा कंपन्या पुरेसा वापर असलेल्या पुरवठादाराच्या केंद्रात आपले साठवण-संगणक विनामूल्य बसवतात. त्यांना ‘कॅश सर्व्हर’ म्हणतात. एकदा कोणीतरी पाहिलेला व्हिडिओ पुढच्या प्रेक्षकाला तिथूनच मिळतो आणि बाहेरून पुन्हा आणावा लागत नाही. मात्र ‘पुरेसा वापर’ ही अट लहानाला आडवी येते, आणि त्याला कोणातरी मोठ्याच्या कॅशवर अवलंबून राहावे लागते.

24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि वाटणीच्या या गणिताखालचे गृहीतकच हलले. पूर्वी घरगुती वापर सकाळी थोडा चढे, दुपारी पडून राही आणि रात्री शिखर गाठी. कार्यालयांची जोडणी दिवसा आणि घरांची रात्री तापत असल्याने वरची बँडविड्थ दोन्हींना आलटून पालटून पुरत असे. टाळेबंदीत कार्यालय, शाळा, शिकवणी आणि करमणूक हे सगळे एकाच छपराखाली आले, दुपारचा उतार नाहीसा झाला आणि रात्रीचे शिखर आणखी उंच झाले. वर घेतलेल्या उदाहरणात सरासरी वापर दोनावरून तीन एमबीपीएसवर गेला, तर 2 जीबीपीएसच्या जागी 3 जीबीपीएस घ्यावे लागतात, म्हणजे बँडविड्थचे बिल दीडपट होते, आणि ग्राहकाचे मासिक बिल होते तेवढेच राहते. अमर्यादित डेटाच्या योजना विकताना ग्राहक दिवसभर घरी बसेल असा हिशेब कोणीच केलेला नव्हता.

त्यातही एक बारकावा होता, जो सामान्य ग्राहकाच्या लक्षात आला नाही. घरगुती फायबर जाळ्यात सर्रास वापरले जाणारे जीपॉन हे तंत्रज्ञान ग्राहकाकडे जाणाऱ्या दिशेला सुमारे 2.5 जीबीपीएस आणि ग्राहकाकडून येणाऱ्या दिशेला त्याच्या निम्मा वेग देते, आणि हा वेग एका तंतूवरच्या 32 किंवा 64 घरांत वाटला जातो. चित्रपट पाहणाऱ्याला ही विषमता जाणवत नाही, कारण तो घेतो भरपूर आणि पाठवतो नाममात्र; व्हिडिओवर बैठक घेणारा किंवा वर्ग भरवणारा माणूस मात्र घेतो तेवढेच पाठवतोही. जिथे अजून जुनी केबल किंवा छपरावरची वायरलेस जोडणी होती तिथे ही परतीची वाट फारच अरुंद होती, आणि ‘सिनेमा चालतो, पण मीटिंगमध्ये आवाज तुटतो’ अशा तक्रारींचे मूळ बहुधा तिथेच होते. मार्चच्या अखेरीस दृक्श्राव्य सेवांनी मोबाइल जाळ्यांवर काही काळ चित्राची गुणवत्ता स्वेच्छेने उतरवली. या निर्णयाने मोबाइल कंपन्यांना उसंत मिळाली, पण घरांतल्या तारेवरची परिस्थिती त्याने बदलली नाही.

उत्पन्नाच्या बाजूला काय झाले, हे या सगळ्यापेक्षा कमी बोलले गेले आहे. केंद्रीय गृहखात्याच्या आदेशात दूरसंचार, इंटरनेट आणि केबल या सेवा अत्यावश्यक म्हणून टाळेबंदीतून वगळल्या होत्या, त्यामुळे लाइनमनला पास घेऊन रस्त्यावर जाता येत होते. पण वसुलीला जाणाऱ्या मुलाला सोसायटीचे फाटक उघडत नव्हते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पावतीपुस्तक घेऊन जिने चढणारा हा कलेक्शनचा मुलगा या धंद्याचा कणा होता. तो पैसे आणे, त्याबरोबर कोणाचे वायफाय दुसऱ्या खोलीत पोचत नाही आणि कोण दुसऱ्या कंपनीची चौकशी करतो आहे ही खबरही आणे. त्याची फेरी थांबल्यावर मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सवय ज्यांना होती त्यांचे पैसे येत राहिले. ज्यांना नव्हती, त्यांचे थकले. लहान पुरवठादारांनी क्यूआर कोडची चित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली, त्याचा परिणामही झाला, आणि पुढे अनेकांनी कलेक्शनची फेरी पुन्हा कधीच पूर्णपणे सुरू केली नाही.

थकबाकीची खरी झळ मात्र करामुळे बसते. महिन्याअखेरीस बिल देण्याची पद्धत असेल तर 500 रुपयांच्या सेवेवर 18 टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे 90 रुपये, लावून 590 रुपयांचे बिल निघते, आणि बिल निघाले की कर देय होतो. ग्राहकाने पैसे दिले की नाही याची सरकारला फिकीर नसते. हजारांपैकी दीडशे ग्राहकांनी पैसे थकवले तर पुरवठादाराचे 75 हजार रुपये अडकतातच, शिवाय त्या न मिळालेल्या रकमेवरचे साडेतेरा हजार रुपये त्याला गाठीचे भरावे लागतात. समायोजित सकल महसुलावर त्या काळी आकारले जाणारे आठ टक्के परवानाशुल्कही आकारलेल्या महसुलावर मोजले जाते. म्हणून मंदीत टिकलेल्या बहुतेकांनी ‘आधी रिचार्ज, मग सेवा’ हा मार्ग धरला: मुदत संपली की जोडणी आपोआप थांबते, पैसे आले की सुरू होते, आणि कर मिळालेल्या पैशावरच लागतो. हिशेबाच्या दृष्टीने हा निर्णय निर्विवाद योग्य होता. मात्र वर्षानुवर्षे ‘पुढच्या आठवड्यात देतो’ या शब्दावर चाललेल्या संबंधाला त्याने तडा दिला. ज्या घरात कमावता माणूस घरी बसला आहे आणि मुलीचा वर्ग मात्र साडेदहाला भरतो आहे, त्या घराची जोडणी यंत्राने बाराच्या ठोक्याला तोडावी का, हा प्रश्न बिलिंगच्या प्रणालीला पडत नाही. तो चालकाला पडत होता, आणि हाताने मुदतवाढ देण्याची कळ त्याने किती वेळा दाबली याचा आकडा कोणत्याही अहवालात येत नाही.

तगादा टाळण्याची दुसरी युक्ती म्हणजे सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम घेऊन वर एक-दोन महिने फुकट देणे. अडचणीच्या काळात ही रक्कम उपयोगी पडते, पण ती उत्पन्न नसून देणे आहे हे विसरले की तीच गळ्याशी येते. एप्रिलमध्ये वर्षाचे पैसे घेऊन ते थकीत बँडविड्थच्या बिलात घातले, तर पुढचे अकरा महिने त्या ग्राहकाला सेवा देण्यासाठी हातात काही उरत नाही. स्वस्त पुरवठादार बुडतो तो बहुधा तोट्याने नव्हे, तर अशा रोखतेच्या टंचाईने.

मागणी वाढली असे सरसकट म्हणणेही अपुरे आहे, ती सरकली. पुण्यात वसतिगृहे, कॉट बेसिसवरच्या खोल्या आणि आयटी कर्मचाऱ्यांनी भाड्याने घेतलेली घरे रिकामी झाली, तिथल्या जोडण्या बंद पडल्या आणि ग्राहकाकडे दिलेले राउटर कुलूपबंद खोल्यांत अडकले. त्याच वेळी कोकणात, सातारा-सांगलीत आणि विदर्भातल्या गावांत परतलेल्या मुलांना घरून काम करायचे होते आणि गावात तार नव्हती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2017-18 च्या फेरीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी 14.9 टक्क्यांकडे आणि शहरी कुटुंबांपैकी 42 टक्क्यांकडे इंटरनेटची सोय आढळली होती, आणि त्यातली बहुतेक मोबाइलवरची होती. ग्राहक गावाला गेला तरी खांबावर चढवलेला फायबर त्याच्यामागे जात नाही. कोथरूडमधल्या पुरवठादाराचे नुकसान आणि दापोलीतल्या पुरवठादाराची संधी एकाच कारणातून उद्भवली, आणि दोघांनाही तिचा फायदा उठवता आला नाही. पहिल्याचे भांडवल जमिनीला जखडलेले होते आणि दुसऱ्याकडे भांडवलच नव्हते.

दापोलीच्या वाट्याला तर आणखी एक संकट आले. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावर धडकले, श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले आणि त्यांच्या आधाराने ओढलेले फायबरही त्यांच्यासोबत मातीत गेले. डोक्यावरून नेलेली तार ही स्वस्त इंटरनेटची दुसरी अट आहे: रस्ता खोदून नळीतून तंतू न्यायचा तर खोदाईचा आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च तंतूच्या किमतीच्या कितीतरी पट होतो, म्हणून लहान पुरवठादार खांब, झाड, गच्ची असा मार्ग काढतो. ही बचत एका वादळात परत करावी लागते. खांब उभे राहून वीज येईपर्यंत काही गावांत आठवडे गेले, आणि विजेशिवाय ग्राहकाच्या घरातले यंत्र चालत नसल्याने तोवर तार जोडूनही उपयोग नव्हता.

तुटलेला फायबर जोडण्याचे काम जवळून पाहिले की या धंद्यातला मजुरीचा भाग लक्षात येतो. ग्राहकाच्या घरातील यंत्रावर, म्हणजे ओएनयूवर, प्रकाशाचा संकेत आला नाही की लाल दिवा लागतो आणि फोन येतो तो ‘लाल लाइट लागली’ एवढ्याच शब्दांत. लाइनमन आधी केंद्राकडून प्रकाशाचा स्पंद सोडून तो किती अंतरावरून परततो हे मोजणाऱ्या यंत्राने तुटीची जागा काढतो. कधी ती जेसीबीने उखडलेली असते, कधी उंदराने कुरतडलेली, कधी उसाच्या ट्रकने ओढून नेलेली. मग केबलचे आवरण सोलून आतला तंतू मोकळा केला जातो. या तंतूचा व्यास 125 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, आणि प्रत्यक्ष प्रकाश जातो तो त्यातल्या जेमतेम 9 मायक्रॉनच्या गाभ्यातून. स्पिरिटने पुसून, काचेचे टोक काटकोनात छाटून दोन्ही टोके स्प्लायसिंग मशिनमध्ये ठेवली की विजेच्या ठिणगीने ती वितळून एकजीव होतात, आणि पडद्यावर जोडातली गळती दिसते, 0.02 डेसिबल आली तर काम उत्तम, दशांशाच्या पुढचा पहिला आकडा शून्य नसला तर जोड पुन्हा. दहा-बारा मिनिटांचे हे काम शिडीच्या टोकावर, पावसात, डोक्यावर छत्री धरून कधी तासाभराचे होते. मोठ्या कंपनीच्या ग्राहकाची तक्रार टोल फ्री क्रमांकावरून फिरत येते आणि तिथला लाइनमन अनेकदा कंत्राटी असतो. गल्लीतल्या पुरवठादाराचा लाइनमन त्याच वस्तीत राहतो. स्वस्त पुरवठादाराची खरी पत दरात नसून या लाल दिव्याच्या आयुष्यात आहे, आणि पगार थकले म्हणून ज्याने मंदीत लाइनमन कमी केले त्याने सर्वांत महागाची काटकसर केली.

सामानाची तूट हा आणखी एक धागा. ओएनयू आणि ओएलटी, म्हणजे ग्राहकाकडचे आणि केंद्रातले यंत्र, यांतला स्वस्त माल प्रामुख्याने चीनमधून येत असे, आणि जिथून साथ पसरली ते वूहान शहर फायबर उद्योगाचे चीनमधले मोठे केंद्र आहे. 2020 च्या आरंभी तिथली टाळेबंदी, मग इथली टाळेबंदी आणि जूनमधील गलवानच्या संघर्षानंतर बंदरांवर अडकलेला माल, यांतून पुरवठा सुरळीत व्हायला बराच अवधी गेला. काचेचा तंतू मात्र महाराष्ट्रातच बनतो. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, औद्योगिक वसाहतींत स्टरलाइट टेक्नॉलॉजीज हे उत्पादन घेते. पण तंतू हाताशी असूनही दोन टोकांची यंत्रे नसतील तर नवी जोडणी देता येत नाही, आणि नेमकी नव्या जोडण्यांची रांग लागलेली असताना कित्येकांना बंद पडलेल्या ग्राहकांकडचे ओएनयू गोळा करून, पुसून, पुन्हा बसवावे लागले.

या अडचणींत स्पर्धा थांबली नव्हती. 31 जानेवारी 2020 रोजी भारत संचार निगमाचे 78 हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले. लँडलाइन दुरुस्त करणारा अनुभवी माणूस कमी झाल्याने या सरकारी कंपनीचे अनेक जुने ग्राहक टाळेबंदीत गल्लीतल्या पुरवठादाराकडे आले. हा लाभ फार दिवस टिकला नाही. 31 ऑगस्ट 2020 रोजी जिओने 30 एमबीपीएसची अमर्यादित योजना कराव्यतिरिक्त 399 रुपयांना जाहीर केली आणि आठवड्याभरात एअरटेलने 499 रुपयांची योजना आणली. ज्याची स्वतःची देशभर पसरलेली तार, स्वतःचे आंतरराष्ट्रीय संपर्क आणि मोबाइलच्या धंद्यातून येणारा पैसा आहे, त्याच्याशी दरात झुंजण्याचा प्रयत्न ज्या लहान पुरवठादारांनी केला त्यांचा हिशेब लवकरच तुटीत गेला. एअरटेलसारख्या कंपनीने याच काळात लहान शहरांत स्थानिक केबलचालकांशीच भागीदारी करून विस्तार केला, यावरून दारापर्यंतची शेवटची तार आणि ओळख यांचे मोल मोठ्यांनाही कळते हे दिसते. तथापि भागीदार झालेला चालक स्वतःचे नाव, दर आणि ग्राहकांची यादी हळूहळू हातची घालवतो.

स्वस्त इंटरनेट आणि मंदी यांची गाठ यापूर्वीही पडली होती, आणि तिचा धडा वेगळा होता. अमेरिकेत 1998 मध्ये नेटझीरो या कंपनीने टेलिफोनच्या तारेवरून पूर्णतः मोफत इंटरनेट देऊ केले. पडद्यावर सतत दिसणाऱ्या जाहिरातपट्टीचे पैसे जाहिरातदार देत आणि ग्राहकाला काहीच द्यावे लागत नसे. जुनो आणि आणखी कंपन्या त्याच वाटेने गेल्या. 2000 मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा फुगा फुटला, जाहिराती देणाऱ्यांत बहुसंख्य याच कंपन्या असल्याने जाहिरातीचा झरा आटला, आणि फोनलाइन व मोडेमचे भाडे मात्र चालू राहिले. अनेक मोफत पुरवठादार महिन्यांत गुंडाळले गेले. नेटझीरोने मोफत वापरावर तासांची मर्यादा घातली, महिना 9.95 डॉलरची सशुल्क योजना काढली, तेव्हाच्या सर्वांत मोठ्या पुरवठादाराच्या निम्म्याहून कमी दराचा गाजावाजा केला आणि 2001 च्या सप्टेंबरमध्ये जुनोशी विलीन होऊन युनायटेड ऑनलाइन या नावाने ती टिकली. मंदीत मोफत मेले आणि स्वस्त जगले. पैसे देणारा एक आणि सेवा वापरणारा दुसरा, अशी रचना मंदीत प्रथम ढासळते. वापरणाराच थोडे का होईना पैसे देत असेल तर तो इतर खर्च कापून ते देत राहतो. 2020 चा महाराष्ट्रातला अनुभव या निष्कर्षाला पुष्टी देतो आणि त्यात एक भर घालतो: वेळेच्या दराने किंवा मोजून विकलेले इंटरनेट वापराबरोबर पैसेही आणते, तर अमर्यादित योजनेत वाढलेला वापर हा निव्वळ खर्च असतो.

सरकारी मदतीचा हिशेब संमिश्र आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च 2020 मध्ये कर्जाच्या हप्त्यांना दिलेली स्थगिती ऑगस्टअखेरपर्यंत वाढली, आणि मे महिन्यात लघुउद्योगांसाठी जाहीर झालेल्या तीन लाख कोटी रुपयांच्या हमी योजनेतून आधीच कर्ज असलेल्यांना जादा कर्ज मिळाले. ज्या केबलवाल्याने आयुष्यभर बँकेऐवजी सोने गहाण ठेवून किंवा नातलगांकडून भांडवल उभे केले, त्याला या योजनेत शिरायला दारच नव्हते. सप्टेंबर 2021 च्या दूरसंचार सुधारणांत मोठ्या मोबाइल कंपन्यांच्या थकबाकीला चार वर्षांची स्थगिती मिळाली. बँक हमीची रक्कम बरीच उतरली हा लाभ लहानांपर्यंतही पोचला. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने 2021 च्या ऑगस्टमध्ये तारेवरच्या ब्रॉडबँडच्या महसुलावर परवानाशुल्क निदान पाच वर्षे माफ करावे अशी शिफारस केली होती, आणि लहान पुरवठादारांच्या दृष्टीने सगळ्या सवलतींत तीच सर्वांत नेमकी होती, कारण आठ टक्के ही रक्कम अनेकांच्या निव्वळ नफ्याच्या जवळपास जाते. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेने चहाच्या टपरीवाल्यालाही परवान्याशिवाय वायफाय विकण्याची मुभा दिली; पण त्या टपरीपर्यंत येणारी तार कोणीतरी विकत घ्यावी लागतेच, आणि तिचा दर परवडला तरच पाच-दहा रुपयांचा वायफायचा धंदा उभा राहतो.

मंदी ओसरली तेव्हा तारेवरच्या जोडण्यांची संख्या वाढलेली होती आणि त्या पुरवणाऱ्यांतले कित्येक लहान मालक एखाद्या मोठ्या कंपनीचे भागीदार झालेले होते. सप्टेंबर 2023 मध्ये जिओने एअरफायबर ही सेवा मुंबई, पुण्यासह काही शहरांत सुरू केली. तिच्यात घरावर बसवलेल्या अँटेनाला 5जी मनोऱ्याकडून थेट संकेत मिळतो आणि दारापर्यंतची तार, खांब आणि स्प्लायसिंग यांची गरजच उरत नाही. एका मनोऱ्याची क्षमताही शेवटी अनेक घरांत वाटली जाते, म्हणून दाट वस्तीत फायबरचा वरचष्मा राहील असा तारवाल्यांचा हिशेब आहे, आणि त्या भरवशावर अनेक चालक जुन्या केबलच्या जागी नवा फायबर ओढण्यासाठी पुन्हा कर्ज काढत आहेत.